परत मेलो, आणि ऐकायला कुणी नाही

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४१, काम हिशेबाचं, घरी बायको आणि नववीतली मुलगी. २००१-०२ च्या सुमारास दिवाळीच्या सुट्टीत ते मावसभावाकडे जाऊन ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक थ्री’ हा कॉम्प्युटर गेम खेळायचे. त्याच वेळी ‘बाल्डर्स गेट’ची सीडीही आणली होती, पण तो गेम कधी पुढे सरकला नाही. या मे महिन्यात त्यांनी तो रीतसर विकत घेतला आणि आता रोज रात्री तासभर खेळतात. काय झालं, कुठे अडकलो, हे मावसभावाला आणि कॉलेजच्या एका मित्राला व्हॉइस मेसेजवर सांगतात. मित्राचं उत्तर ठरलेलं: ‘यूट्यूबवर बघ ना.’ मावसभावाने एकदा वैतागून शेवटी खलनायक कोण निघतो तेच सांगून टाकलं. बायको म्हणते, ‘तुझा जादूगार मेला की आहे, एवढं सांग आणि दिवा बंद कर.’ त्यांचे प्रश्न असे: या वयात हे सगळं कुणाला तरी सांगावंसं वाटणं पोरकट आहे का? त्यापेक्षा गुपचूप एकट्याने खेळावं का? एकाच ठिकाणी सहा वेळा मेलो, म्हणजे डोकं चालेनासं झालंय का? आणि गाइड बघून पुढे गेलो तर तो रडीचा डावच ना? पत्राखाली सही आहे ‘पहिल्या लेव्हलचा जादूगार’.

प्रिय जादूगार,

तुमची सही वाचूनच निम्मं दुखणं कळलं. पहिल्या लेव्हलचा जादूगार घेऊन तुम्ही ‘बाल्डर्स गेट’मधल्या फ्रेंडली आर्म इन या सरायीपर्यंत चालत गेलात आणि तिथल्या पायऱ्यांवर सहा वेळा मेलात. तिथे मेला नाही असा जादूगार मला तरी अजून भेटलेला नाही. मी स्वतः किती वेळा मेले ते मोजणं चौथ्या वेळेनंतर सोडून दिलं होतं.

डोकं चालेनासं झाल्याची शंका आधी निकालात काढू, कारण तिचं उत्तर आकड्यांत आहे आणि तुम्ही हिशेबातले आहात. ‘बाल्डर्स गेट’ १९९८ चा. त्याच्या पोटात नियम आहेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे, म्हणजे १९८९ चे. त्यात चिलखताचा आकडा जितका कमी तितका चांगला. उघड्या अंगाला १०, चांगल्या चिलखताला २ किंवा १, त्याहून चांगलं असेल तर उणे. वार लागला की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. तुमच्या पहिल्या लेव्हलच्या गड्याचा ‘थॅको’, म्हणजे चिलखताचा आकडा शून्य असलेल्यावर वार बसायला फाशावर लागणारा आकडा, २०. समोरच्याच्या चिलखताचा आकडा ५ असेल तर वीसमधून पाच गेले, उरले पंधरा, म्हणजे फाशावर पंधरा किंवा जास्त पडले तरच वार बसणार. शंभरात तीस वेळा. दहा वार केले की सात हवेत. तुम्ही लिहिलंय, ‘माझी माणसं काठ्या नुसत्या फिरवत बसतात.’ ती बरोबरच फिरवताहेत. गणितच तसं आहे.

त्यात तुमचा जादूगार. जीव चार, प्रकृती दणकट निवडली असेल तर सहा. मंत्र दिवसाला एक, एकाच शाखेत विशेष शिकलेला असेल तर दोन. मंत्र संपला की आठ तास झोपायचं. पायऱ्यांवर तुम्हाला मारणारा तो माणूसही जादूगारच. तो आधी स्वतःच्या चार-पाच प्रतिमा उभ्या करतो, मग तुमच्या सगळ्यांना घाबरवून पळवतो आणि मग जादूचे बाण सोडतो. असला एक बाण दोन ते पाच जीव घेतो. तुम्ही हिशेबनीस आहात, पुढचं गणित तुम्हीच करा. पुढे २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा हे उलटं गणित खुद्द नियम करणाऱ्यांनीच काढून टाकलं. त्यामुळे ते तुमच्या डोक्यात बसलं नाही म्हणून डोक्याला बोल लावू नका.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळांच्या बाबतीत खरी आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हे गेम पहिल्यांदा पाहिले ते पारदर्शक पाकिटातल्या सीडीवर. वर मार्करने नाव लिहिलेलं, तेही एखादं अक्षर चुकवून. मूळ खोक्यात जाडजूड पुस्तिका असायची आणि तेव्हाचे गेम ती वाचली आहे असं धरूनच चालायचे. आपल्या हातात ती कधी पडलीच नाही. वीस वर्षांपूर्वी तुमचा गेम पुढे का सरकला नाही, याचं माझ्या मते निम्मं उत्तर हे आहे. आता विकत घेतलाय ना? गेमसोबत बहुतेक ती पुस्तिका पीडीएफमध्ये आली असेल. एखाद्या रविवारी दुपारी, लॅपटॉप बंद ठेवून, मोबाइलवर तेवढी वाचून काढा. अभ्यास म्हणून नको, दिवाळी अंक चाळतो तशी.

‘मला जमत नाही’ या तक्रारीवरून एक जुना किस्सा आठवला. १९९४ च्या ‘एक्स-कॉम’ या गेममध्ये एक बग होता. तुम्ही कितीही अवघड पातळी निवडा, खेळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तो गुपचूप सगळ्यात सोप्या पातळीवर यायचा. खेळाडूंना पत्ताच नाही. ते तक्रार करत राहिले की सगळ्यात अवघड पातळीसुद्धा फार सोपी आहे. बनवणाऱ्यांनी ती मनावर घेतली आणि १९९५ चा पुढचा भाग असा काही कठीण केला की लोक रडकुंडीला आले. तक्रार खरी होती, कारण भलतंच होतं. तुमच्या ‘डोकं चालत नाही’ या तक्रारीचंही तसंच आहे.

आता सांगण्या-ऐकण्याचं.

तुम्ही धरून चाललाय की मित्राला आणि भावाला तुमच्या खेळात रस नाही. मला वेगळा संशय येतो. तुम्ही तुमच्या मेसेजचा नमुना पत्रात दिलाय म्हणून धीर करून बोलते. रात्री पावणेबाराला पाठवलेला सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज. पहिली दोन मिनिटं वाटेत कोण कोण भेटलं, मग कुणी काय विकलं, मग ‘परत मेलो यार, काय फालतू गेम आहे’, आणि शेवटी एक सुस्कारा. तुमच्या मित्राने हा सकाळी गाडी चालवताना ऐकला असणार. त्याच्या कानावर काय आलं? एक माणूस अडचणीत आहे. अडचणीतल्या माणसाला आपण काय देतो? उपाय. म्हणून ‘यूट्यूबवर बघ’. तो तुम्हाला कटवत नव्हता. त्याला जो प्रश्न ऐकू आला, त्याचं त्याने उत्तर दिलं.

तुम्हाला उपाय नको होता. उपाय हवा असता तर तुम्ही तो केव्हाच शोधला असता, यूट्यूब तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्हाला शेजारी बसलेलं कुणीतरी हवं होतं.

दिवाळीतले ते डाव आठवा. ‘हीरोज थ्री’ एका कॉम्प्युटरवर तिघांनी आळीपाळीने खेळायचा. एकाची पाळी असताना बाकीच्यांनी पाठ फिरवायची, आणि तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचंच. आमच्या कोल्हापूरच्या घरी भाऊ आणि मी असंच खेळायचो. त्याची पाळी असली की मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ओरडायचे, ‘गंधक घेऊ नकोस, ते माझंय!’ नव्या आठवड्याचा पहिला दिवस आला की गावात नवं सैन्य मिळतं. त्यासाठी आम्ही खऱ्या सोमवारपेक्षा त्या सोमवारची जास्त वाट बघायचो. यातलं तुम्हाला आज नक्की काय आठवतं? कोण जिंकलं ते? मला तर एकाही डावाचा निकाल सांगता येणार नाही. भाऊ ड्रॅगन घेऊन माझ्या गावाच्या दिशेने निघालाय आणि मला ते दिसत असून काहीच करता येत नाही, तो क्षण मात्र अजून तसाच्या तसा आहे. म्हणजे मजा होती ती पुढे काय होणार हे दोघांनाही माहीत नसताना.

तुम्ही आज सांगता ते सगळं झाल्यानंतर. मेलो, मग सांगितलं. ऐकणाऱ्याला करण्यासारखं काही उरतच नाही. एक तर हळहळायचं, नाही तर उपाय सांगायचा.

म्हणून क्रम उलटा करून बघा. गेममध्ये स्पेसबार दाबला की सगळं थांबतं, हे त्याचं मोठं वैशिष्ट्य. ते तसं थांबलेलं असताना मेसेज लिहा. बोलू नका, लिहा, कारण लिहिताना माणूस आखडता हात घेतो. उदाहरणार्थ:

‘इनच्या पायऱ्यांवर आहे. समोर एक जण नाव विचारतोय, लक्षण ठीक दिसत नाही. माझ्याकडे आज एकच मंत्र, झोपेचा. सोबतीण इमोएन धनुष्य घेऊन मागे उभी. आधी मंत्र टाकू, की तिला बाण मारायला लावू, की सरळ पळू? पॉझवर ठेवून झोपतोय. सकाळी सांग.’

बघा, यात अवांतर नाव एकच. परिस्थिती दोन ओळींत. आणि शेवटी खराखुरा प्रश्न, ज्याचं उत्तर द्यायला गेम येण्याची गरज नाही. तुमचा मित्र चहा पिता पिता ‘पळ’ एवढं जरी लिहील, तरी तो तुमच्या डावात आला. संध्याकाळी तोच विचारेल, ‘पळालास का?’

लांबीबद्दल एकच सांगते. पानिपतचा तो निरोप आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. अख्खं युद्ध हरल्याची बातमी एका वाक्यात नानासाहेबांपर्यंत पोचली आणि अडीचशे वर्षं लोकांच्या तोंडी राहिली. तुम्ही एका सरायीच्या पायऱ्यांवर हरलात त्याला सात मिनिटं लागू नयेत.

हरल्याची गोष्ट ऐकायला लोकांना आवडत नाही, हाही समज काढून टाका. उलट जिंकल्याची गोष्ट कंटाळवाणी होते. स्ट्रॅटेजी गेमवाल्यांमध्ये डाव संपल्यावर त्याची हकिगत लिहायची जुनी रीत आहे. लष्करातला शब्द उचलून ते तिला ‘आफ्टर ॲक्शन रिपोर्ट’ म्हणतात. त्यातल्या लोकांच्या लक्षात राहिलेल्या हकिगती बहुतेक बुडाल्याच्या आहेत. २००६ साली आलेल्या ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये तर जिंकणं असं काही नाहीच, वसाहत कधी ना कधी बुडते. काही खेळाडूंनी त्यात एकच वसाहत आळीपाळीने चालवली होती, प्रत्येकाने गेममधलं एक वर्ष. वर्ष संपलं की सेव्ह फाइल पुढच्याच्या हातात आणि सोबत आपल्या कारभाराची हकिगत. हत्तींनी माणसं तुडवली, लाव्हारस सोडला गेला, सगळ्याची राखरांगोळी झाली. ती हकिगत लोक अजून वाचतात.

मावसभावासाठी मला हाच मार्ग सुचतो. त्याने शेवट फोडला याचा तुम्हाला राग आहे, आणि तो रास्त आहे. पण फोडण्याआधी तुम्ही त्याला नक्की काय विचारलं होतं? ‘पुढे काय होतं रे’ असं विचारलं असेल तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. जुने गेम खेळलेल्या माणसाला मदत मागताना किती मदत हवी तेही सांगावं लागतं. १९८० च्या दशकात ‘इन्फोकॉम’ ही अमेरिकन कंपनी नुसत्या शब्दांवर चालणारे गेम काढायची. त्यांच्यासोबत त्यांनी इशाऱ्यांच्या पुस्तिका विकल्या. उत्तरं अदृश्य शाईत छापलेली आणि सोबत एक खास पेन. पेन फिरवलं की एक ओळ उमटायची. आधी नुसती दिशा, मग थोडं स्पष्ट, मग अगदी सोडवून दिलेलं. किती ओळी उमटवायच्या ते तुमच्या हाती. आजीसुद्धा कोडं घालून लगेच उत्तर सांगत नाही, आधी ‘हरलास म्हण’ म्हणते. भावाला स्पष्ट सांगा: ‘एकच ओळ उमटव. मी हरलो म्हटल्याशिवाय दुसरी नको.’

आणि जमलं तर त्याच्यासोबत ‘हीरोज’चा एक डाव लावा, सामायिक. गेममधला एक महिना तुम्ही चालवा, मग सेव्ह फाइल आणि चार ओळींची चिठ्ठी त्याला पाठवा. पुढचा महिना त्याचा. तुम्ही जपून ठेवलेलं सोनं तो उधळेल आणि तुम्ही चिडाल. चिडायलाच तर हवंय. दोघांकडे गेमची एकच आवृत्ती असू द्या म्हणजे झालं, नाहीतर फाइल उघडत नाही आणि पहिला आठवडा त्यातच जातो. अनुभवाने सांगतेय.

गाइड आणि रडीच्या डावाबद्दल फार लिहीत नाही. लहानपणी गल्लीत खेळताना धाकट्या भावंडांना आपण लिंबूटिंबू म्हणून घ्यायचो. ते बाद झाले तरी बाद नाहीत. त्याने कुणाचा खेळ बिघडला? तुमच्या गेममध्ये अवघडपणा कमी करायची सोय आहे, ती लिंबूटिंबूचीच सोय. पहिल्या दोन-तीन लेव्हल ती वापरा, अंगात बळ आलं की परत वर न्या. रडीचा डाव होतो तो समोर दुसरा खेळाडू असताना. इथे समोर एक फासा आहे, त्याला काही वाटणार नाही. फक्त वाट चुकलात म्हणून गाइड उघडताय की कंटाळलात म्हणून, हे स्वतःला विचारा. वाट चुकला असाल तर खुशाल उघडा. ‘मॉरोविंड’ या २००२ च्या गेममध्ये नकाशावर बाण दाखवत नाहीत, माणसं तोंडी पत्ता सांगतात. सुरुवातीलाच एका पडक्या ठिकाणाहून एक छोटी चौकोनी पेटी आणायची असते. आत जायचं दार एका नळावरचा दांडा फिरवला तरच उघडतं, हे मला दोन संध्याकाळी कळलं नाही. आत गेल्यावर पेटी सापडेना म्हणून आणखी एक. शेवटी भावाने फोनवर सांगितलं. त्या तीन संध्याकाळींनी मला काही शहाणपण आलं नाही, नुसती चिडचिड झाली. पण कंटाळा आला असेल तर गाइड कामाचं नाही. सरळ गेम बदला. अर्धवट सोडलेल्या गेमची कुणी वसुली करायला येत नाही.

राहिली बायको. इथे मी तुमच्या बाजूची नाही. पत्रात तुमच्या जादूगाराबद्दल अडीच पानं आहेत आणि तिच्याबद्दल एक वाक्य, त्यातही ती दिवा बंद करायला सांगते. मात्र ओघात तुम्ही लिहून गेलात की ती आठवड्यातून दोनदा हार्मोनियम शिकायला जाते. सध्या तिथे कोणता राग चालू आहे, ठाऊक आहे? कुठली जागा तिच्या बोटांना जमत नाही, ती कुठे अडकते? तीही घरी येऊन एकच ओळ वीस वेळा वाजवून चुकत असणार. म्हणजे तुमच्या घरात एकाच वेळी दोन माणसं एकेका पायरीवर सहा-सहा वेळा मरताहेत आणि दोघांनाही वाटतंय की ऐकायला कुणी नाही. आधी तिचं विचारा. गेमचं तिला सांगायचंच असेल तर झोपताना नको, सकाळच्या चहाला सांगा, आणि तेही एकाच निर्णयाचं: ‘या बाईवर भरवसा ठेवू की नको?’ अशा प्रश्नांवर घरातल्या माणसांची मतं फार ठाम असतात, आणि बरेचदा बरोबरही.

मुलीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, तरी एक सुचवते. नववीतल्या मुलीला ‘ये, तुला जुना गेम दाखवतो’ म्हटलंत तर ती येणार नाही. एका वहीत तुमच्या प्रवासाची रोज चार ओळींची बखर लिहा आणि वही टेबलावर उघडी विसरा. पुढचं तिच्यावर सोडा.

बाकी पायऱ्यांवरचा तो माणूस अजून तिथेच उभा आहे. मी एकच ओळ उमटवते: पायऱ्या चढण्याआधी इमोएनच्या सामानात काय काय आहे, ते एकदा नीट उघडून बघा. दुसरी ओळ हवी असेल तर ‘हरलो’ म्हणून पुन्हा पत्र टाका.